शाश्वततेची वही पंपघरात असते

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात 67-अ असं एक कलम आहे. आयुक्तांनी दरवर्षी 31 जुलैच्या आत शहराच्या पर्यावरणाचा सद्यःस्थिती अहवाल महापालिकेपुढे ठेवायचा, एवढंच ते सांगतं. कारभार करणाऱ्याने हिशेब द्यावा आणि त्याला पैसे मंजूर करणाऱ्यांनी तो तपासावा, ही त्यामागची साधी कल्पना. 2022 साली राज्यातल्या बहुतेक मोठ्या महापालिकांची मुदत संपली, निवडणुका आरक्षणाच्या आणि प्रभागरचनेच्या वादात अडकल्या आणि आयुक्त हेच प्रशासक झाले. नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, कोल्हापूर इथे तर हे 2020 पासूनच सुरू होतं. 2026च्या जानेवारीत मतदान होईपर्यंत आयुक्तांनी अहवाल सादर करायचा आणि प्रशासकांनी तो स्वीकारायचा, असा रिवाज चालला. खुर्ची एक, माणूस एक, सह्या मात्र दोन.

यामुळे कुणाचं काही अडलं का? नाही. नळाला पाणी आलं नाही की बायका हंडे घेऊन वॉर्ड ऑफिसवर जातात, खड्डा पडला की लोक त्यात झाड लावून फोटो काढतात. पर्यावरणाचा अहवाल सभागृहात आला नाही म्हणून कुणी घोषणा दिल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. आणि सभागृह होतं तेव्हा तरी त्याचं काय व्हायचं? गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर खंड्या पक्षी, आत झाडांची संख्या, वाहनांची संख्या, हवेचे तक्ते. विषयपत्रिकेवर शेवटून दुसरा विषय आणि ‘अहवाल दाखल करून घेण्यात येत आहे’ असा ठराव. ‘दाखल करून घेणे’ हा पालिकेच्या मराठीतला फार सोयीचा शब्दप्रयोग आहे. त्यात वाचणं गृहीत नसतं.

पाणी, मैला, कचरा, दिवाबत्ती, बस या सेवा चालवणाऱ्या आपल्या संस्थांना शाश्वततेच्या, म्हणजे पर्यावरण जपून कारभार करण्याच्या, धोरणांची कमी नाही. हवामान कृती आराखडे आहेत, पर्यावरण विभाग आहेत, पुरस्कार आहेत. त्या धोरणाचा रोजच्या कामावर ताबा चालतो का, एवढंच मला विचारायचं आहे. पहाटे पाचला पंप सुरू करणाऱ्या माणसाच्या हातून त्यामुळे काही वेगळं घडतं का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते मी बाहेरून देत नाही. नोकरीची बरीच वर्षं मी एका नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात काढली आहेत.

रुजू झालो त्या आठवड्यात जॅकवेलवर, म्हणजे नदीचं पाणी उचलायच्या विहिरीवर, गेलो होतो. नदीकाठी दगडी पंपघर, आत तीन पंप, त्यातला एक कायम दुरुस्तीला. भिंतीवर मारुतीचं कॅलेंडर, टेबलावर पंपिंगचं रजिस्टर. रजिस्टर सुंदर होतं. तारीख, पाळी, पंप क्रमांक, सुरू, बंद, एकूण तास, उचललेलं पाणी, सगळे रकाने एकाच निळ्या शाईत, एकाच वळणात. नळीवरच्या, किती पाणी गेलं ते मोजणाऱ्या फ्लोमीटरकडे पाहिलं तर काचेच्या आत कोळ्याने घर केलेलं.

“मामा, हा बंद दिसतोय,” मी पंपचालकाला म्हणालो.

“चार वर्षं झाली, साहेब.”

“मग उचललेलं पाणी कशावरून लिहिता?”

“पंप किती तास चालला, गुणिले पाटीवरची कपॅसिटी. आधीच्या साहेबांनी शिकवलंय.”

पाटी म्हणजे पंपाची नेमप्लेट. तासाला चार लाख लिटर, साल 1994. इतक्या वर्षांत इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं चाक, झिजून पंप किती पाणी टाकतो हे त्या पाटीला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण मामांच्या गुणाकाराचं उत्तर रजिस्टरमधून माझ्या मासिक गोषवाऱ्यात यायचं, तिथून जिल्ह्याला जायचं, वर्षाकाठी लोकसंख्येने भागलं जायचं आणि छापील तक्त्यात ‘दरडोई पाणीपुरवठा’ म्हणून 135 लिटरच्या अगदी जवळ येऊन बसायचं. 135 हा केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने 2008 मध्ये घालून दिलेल्या सेवा मानकांतला आकडा. त्याच मानकांत बेहिशेबी पाणी 20 टक्क्यांच्या आत हवं, मीटर 100 टक्के हवेत, पाणी 24 तास हवं, खर्चाची पूर्ण वसुली हवी आणि सांडपाण्यातलं किमान 20 टक्के पुन्हा वापरात यावं असंही आहे. मानकं चांगलीच आहेत. पण आमच्याकडे ती कोळ्याच्या जाळ्यावर उभी होती.

त्या पंपघरात खरं बोलणारं मीटर एकच होतं, महावितरणचं. ते युनिट मोजायचं आणि बिल धाडायचं. बिल यायचं लेखा विभागात. लेखापाल ते भरायचा, बहुतेकदा उशिरा. पंप किती वाजता चालवायचा हे मी ठरवायचो आणि ते बिल मला कधी दिसलं नाही. ज्याला बिल दिसायचं त्याला पंपाचं बटण कुठे आहे हे माहीत नव्हतं. व्यवस्थापनाची पुस्तकं ज्याला नियंत्रण म्हणतात ते इथेच तुटतं, आणि मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत याच जागी तुटतं, अशी माझी खात्री आहे.

हा फक्त हिशेबाचा विषय नाही, म्हणून थोडं गणित करू. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर वर चढवायला शास्त्राप्रमाणे साधारण 0.27 युनिट वीज लागते. पंप आणि मोटर यांतली घट धरली की प्रत्यक्षात 0.4च्या आसपास. दिवसाला एक कोटी लिटर पाणी एवढ्या उंचीवर चढवणाऱ्या मध्यम शहराला त्यासाठीच रोज चार हजार युनिट हवेत. यातलं तीस टक्के पाणी वाटेत गळलं किंवा चोरीला गेलं, तर त्यासोबत बाराशे युनिट रोज मातीत मुरले. युनिटला आठ रुपये धरले तर वर्षाला पस्तीस लाख. शिवाय ती वीज कोळशाची असेल तर तिचा धूर वेगळा. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय ही म्हण मी पाण्याच्या बाबतीत ऐकलेली नाही, पण पाइपलाइनइतकी ती कुठे चपखल बसत नाही. तेव्हा पाणीपुरवठा संस्थेने शाश्वततेसाठी पहिलं काम कोणतं करावं, तर गळती शोधावी. ते काम रात्री दोन वाजता, रस्ता शांत असताना, जमिनीला कान लावून करायचं असतं. त्याचं उद्घाटन होत नाही.

विजेचंही तसंच. पंपघरासारख्या उच्चदाबाच्या ग्राहकाला दिवसाच्या वेळेप्रमाणे वेगळा दर लागतो आणि संध्याकाळचे तास महाग असतात. एप्रिल 2020 पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे खेचलेल्या एकूण विजेवर येतं; पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला कामी आलेला वाटा, बिघडलेला असेल तर न वापरलेल्या विजेचेही पैसे जातात. हा वाटा सुधारणारे कपॅसिटर नीट ठेवणं, टाक्या स्वस्त तासांत भरून घेणं, झिजलेला इम्पेलर बदलणं ही कामं कनिष्ठ अभियंता आणि पंपचालक मिळून करू शकतात. तरी होत नाहीत. कारण बिल कमी आलं तर त्यांना कुणी शाबासकी देत नाही, आणि टाकी भरायच्या नादात एखाद्या प्रभागाला अर्धा तास उशिरा पाणी गेलं तर मात्र पाच फोन येतात. माणूस जिथे जाब विचारला जातो तिथेच लक्ष देतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

आता याच्या जागी आपण काय उभं केलंय ते बघा. 2 ऑक्टोबर 2020 ला राज्य सरकारने ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केलं. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचमहाभूतांप्रमाणे कामांची विभागणी, प्रत्येक कामाला गुण, आणि वर्षअखेर क्रमवारी आणि बक्षिसं. मी या अभियानाची टिंगल करणार नाही. ज्या नगरपंचायतींत पर्यावरण हा शब्द 5 जूनच्या भाषणापुरता होता तिथे मुख्याधिकाऱ्याने त्यासाठी बैठका घ्यायला सुरुवात केली, हे मी पाहिलंय. पण गुणांच्या पद्धतीचा स्वभावच असा की जे दाखवता येतं ते आधी होतं. भिंती रंगवता येतात, शपथ घेता येते, रोपं लावून जिओटॅग करता येतात. जमिनीखाली दीड मीटरवर फुटलेला जोड दाखवता येत नाही. स्वच्छ सर्वेक्षणाचंही 2016 पासून हेच चाललंय. तपासणीचं पथक येणार म्हटलं की शहर आठ दिवस लग्नघरासारखं होतं.

दुसऱ्या टोकाला एक मोजमाप बघा, ज्याचं कौतुक कुणीच करत नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक सकाळी पाणी सुटल्यावर गावाच्या शेवटच्या नळाशी जातो, नळीत पाणी घेतो, त्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे, दोन-तीन थेंब टाकतो. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन पोचलाय. नाही झालं तर क्लोरीनची टीसीएल पावडर कमी पडली किंवा मध्ये कुठे गटाराचं पाणी शिरतंय. रजिस्टरला नोंद, सही, आणि उपाय त्याच दिवशी. वर्षातून ठरल्याप्रमाणे स्रोतांची पाहणी होते आणि गावाला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. या पद्धतीत हजार खोटेपणे चालतात, नळाशी न जाताही रजिस्टर भरलं जातं, ते मला माहीत आहे. पण तिची बांधणी बघा. मोजणारा एक ठरलेला माणूस आहे, मोजायची जागा शेवटचा नळ आहे, आकडा बिघडला तर काय करायचं ते ठरलेलं आहे आणि न केल्यास आठवड्यात गावात जुलाब लागतात. आकड्याच्या पाठीमागे परिणाम उभा आहे. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे, म्हणजे गुइलेन-बॅरे या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढले, संशयितांची संख्या दोनशेच्या वर गेली आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं. गावं महापालिकेत आली होती, शहराची पाण्याची व्यवस्था मात्र तिथवर पुरी पोचलेली नव्हती. थेंब टाकून पाणी पिवळं होतंय का हे बघण्याचं काम हद्दवाढीच्या नकाशात कुणाच्या नावावर होतं?

पैसा नाही, मनुष्यबळ नाही, कायदा नाही, हे उत्तर मला दर वेळी मिळतं. पैशाचं म्हणाल तर कराडजवळचं मलकापूर घ्या. पुणे-बंगळूर महामार्गावरचं जेमतेम तीस हजार वस्तीचं गाव, तेव्हा नगरपंचायत. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या योजनेतून 2009च्या सुमारास तिथे चोवीस तास पाणी सुरू झालं. घरोघरी दुरून वाचता येणारे स्वयंचलित मीटर बसले, जास्त वापरला तर जास्त दर अशी चढती पाणीपट्टी लागली. देशभरातून लोक ते बघायला आले, राष्ट्रीय पातळीवरचे पुरस्कार मिळाले. माझ्या लेखी पुरस्कारापेक्षा मोलाचं हे की तिथे तीन दोऱ्या एकाच गाठीत बांधल्या गेल्या. ज्याने पाणी वापरलं त्याला मीटरवर दिसलं, पालिकेला किती सोडलं आणि किती विकलं यातला फरक दिसला, आणि तो फरक पैशात दिसला. गळती शोधणं मग परोपकार उरत नाही, वसुली होते. चोवीस तास पाणी म्हणजे उधळपट्टी असं आपल्याला वाटतं, पण तासभर पाणी येणाऱ्या गावात लोक हंडे-पिंपं भरून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी नवं पाणी आलं की शिळं ओतून देतात. ते ओतलेलं पाणीही कुणीतरी वीज जाळून वर चढवलेलं असतं.

मलकापुरात जे झालं ते पुण्यात का अडतं? पुण्याने 2017च्या जूनमध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी 200 कोटींचे रोखे काढले, 7.59 टक्के व्याजाने, मुंबई शेअर बाजारात घंटा वाजवून. टाक्या, शेकडो किलोमीटर नव्या वाहिन्या, सुमारे तीन लाख मीटर असा आराखडा. मीटर वर्षानुवर्षं बसत राहिले, पाणीपट्टी मात्र मिळकतकरातूनच येत राहिली. मीटर आहे पण त्यावर बिल नाही, म्हणजे घड्याळ आहे पण शाळेची घंटा त्यावर वाजत नाही. दरवाढीची भीती खोटी नाही आणि मी ती उडवून लावत नाही. झोपडीतल्या बाईला आणि बंगल्यातल्या हिरवळीला एकच दर लावणारा मीटर मलाही नको. पण चढते दर त्यासाठीच असतात. बिल लावायचं की नाही यावर भांडू, पण आकडा तरी प्रत्येक प्रभागाच्या नगरसेवकापुढे दर महिन्याला ठेवा. वरची वस्ती टँकरवर आणि खालची वस्ती गाड्या धुतेय, हे आज सगळ्यांना माहीत आहे. आकड्यात आलं की ते नाकारता येणार नाही. कदाचित म्हणूनच ते आकड्यात येत नाही.

सांडपाण्याकडे वळलं की प्रकरण आणखी गुंततं, कारण इथे एक शाश्वतता दुसरीच्या गळ्याला लागते. मैलाशुद्धीकरण केंद्र ही विजेची भुकेली यंत्रणा आहे. मैलापाण्यात हवा सोडणारे ब्लोअर सतत चालवावे लागतात, ते बंद ठेवले तर वीज वाचते, बिल उतरतं, कार्बनचा हिशेबही चांगला दिसतो आणि नदी मरते. ऊर्जाबचतीचा तक्ता विद्युत विभागाचा, नदीचा तक्ता पर्यावरण विभागाचा, केंद्र चालवणारा ठेकेदार मलनिस्सारण विभागाचा. प्रत्येकाला आपापल्या तक्त्यात पैकीच्या पैकी गुण मिळू शकतात आणि तरी पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो. पुण्याचं पाणी मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीत जातं. उजनीचं पाणी सोलापूर पितं. ते सोलापूर, जिथे नळाला वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पाणी येत आलंय. वरच्या शहराने ब्लोअर बंद ठेवला तर त्याचा भुर्दंड खालच्या शहराच्या जलशुद्धीकरण केंद्राला तुरटी आणि क्लोरीनमध्ये भरावा लागतो, आणि सोलापूरच्या माणसाला पुण्याच्या सभागृहात उभं राहून विचारता येत नाही.

नागपुरात याच्या उलट घडलं आणि ते का घडलं ते समजून घेण्यासारखं आहे. भांडेवाडीला सांडपाण्यावर प्रक्रिया होऊन दिवसाला 13 कोटी लिटर पाणी महानिर्मितीच्या कोराडी वीज केंद्राला जाऊ लागलं. वीज केंद्राला थंडाव्यासाठी पाणी लागतं, नाहीतर ते पेंच धरणाचं पिण्याचं पाणी घेणार. इथे पाण्याला गिऱ्हाईक आहे. पाणी खराब आलं तर नळ्यांत साका बसतो, मग गिऱ्हाईक त्याच दिवशी फोन करतं. नागपूरकरांना नदीचा कळवळा पुणेकरांपेक्षा जास्त आहे असं मला वाटत नाही. पाण्याच्या दुसऱ्या टोकाला ओरडू शकणारा कुणीतरी उभा आहे, इतकाच फरक. पुण्यातही मुंढव्याच्या जॅकवेलमधून वर्षाला साडेसहा टीएमसी, म्हणजे साडेसहा अब्ज घनफूट, प्रक्रिया केलेलं पाणी शेतीच्या कालव्यात द्यायचं ठरलेलं आहे. पण कालव्यावरचा शेतकरी हा पालिकेचा गिऱ्हाईक नव्हे, तो पाणी नाकारू शकत नाही. त्याच्या वासाची तक्रार आवक-जावक रजिस्टरमध्ये चढते, पुढे तिचं काय होतं ते त्या रजिस्टरला ठाऊक.

आत जाब विचारला जात नाही म्हणून तो बाहेरून येतो आणि मोठ्या काठीने येतो. सप्टेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने सांडपाणी आणि घनकचऱ्याच्या ढिलाईबद्दल महाराष्ट्राला 12 हजार कोटी रुपये पर्यावरण भरपाई म्हणून बाजूला काढायचा आदेश दिला. आकडा ऐकून छाती दडपते. पण तो कुणाला लागला? कोणत्याही मुख्याधिकाऱ्याची वेतनवाढ थांबली नाही, कोणत्याही स्थायी समितीला रात्री झोप लागली नाही असं झालं नाही. दंड जितका मोठा तितका तो कुणा एकाच्या डोक्यावर बसत नाही, असा माझा अनुभव आहे. पंपचालकाच्या पगारातून कापलेले पन्नास रुपये त्याला दहा वर्षं आठवतात.

मुंबईचं उदाहरण टाळता येणार नाही, कारण तिथे प्रयत्न खरोखर अंदाजपत्रकापर्यंत पोचला. मार्च 2022 मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा आला, 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट ठेवून. 2024 मध्ये महापालिकेने पहिला हवामान अर्थसंकल्प मांडला. 2024-25 च्या भांडवली खर्चातले 10 हजार 224 कोटी, म्हणजे सुमारे 32 टक्के, हवामानाशी संबंधित ठरवण्यात आले. कल्पना ऑस्लोची. नॉर्वेच्या त्या राजधानीने 2017 सालापासून उत्सर्जनाचा हिशेब शहराच्या अंदाजपत्रकात बसवला आणि तो सांभाळायचं काम पर्यावरण विभागावर न सोपवता तिजोरी सांभाळणाऱ्यांवर सोपवलं. प्रत्येक खात्याला आपल्या वाट्याची घट, आणि पैशाचा अहवाल देतानाच तिचाही अहवाल. या मांडणीतली मेख कार्बनच्या गणितात नाही, ती खुर्चीत आहे. आपल्याकडे पर्यावरण अधिकाऱ्याने पाणीपुरवठ्याच्या मुख्य अभियंत्याला पत्र लिहिलं तर ते फाइलला लागतं. तेच पत्र मुख्य लेखापालाकडून आलं तर अभियंता चहा अर्धा टाकून उठतो.

मुंबईने अर्धी वाट चालली आहे. अंदाजपत्रकात जी कामं आहेत त्यांच्यावर हवामानाची खूण लावायची ही पद्धत सुरुवातीला योग्य आहे, निदान कळतं तरी की काय कुठे चाललंय. पण आधीच ठरलेल्या कामांना हिरवी खूण लावून टक्केवारी फुगवता येते, आणि खर्चाची रक्कम म्हणजे परिणाम नव्हे. सातही तलाव भरल्याची बातमी मुंबईकर सणासारखी साजरी करतो. त्या तलावांतून शंभर किलोमीटरवरून आलेल्या पाण्यातलं किती नळापर्यंत पोचलं, हे हवामान अर्थसंकल्पाच्या पहिल्या पानावर छापलं तर मी त्याला खरा अर्थसंकल्प म्हणेन.

इंदूरने वेगळी वाट धरली आणि मला ती जास्त पटते. होळकरांच्या त्या शहरात नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर ओढून, मोठी चढण चढवून आणतात. विजेचं बिल इतकं की पालिकेचा जीव त्यातच अडकलेला. फेब्रुवारी 2023 मध्ये इंदूरने 244 कोटींचे हरित रोखे थेट सामान्य गुंतवणूकदारांना विकायला काढले, जलूदलाच 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी. मागणी जवळजवळ सहापट आली. रोख्यांचे माझ्याही मनात प्रश्न आहेत, पुण्याचं वर सांगितलंच. पण इथे पैसा त्याच जागी बांधला गेला जिथे बिल जळत होतं. उद्या किती युनिट तयार झाले आणि बिल किती उतरलं हे कुणीही शाळकरी पोरगं पडताळू शकतं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने बाजारात नोंदलेल्या देशातल्या पहिल्या हजार कंपन्यांना 2022-23 पासून पाणी, वीज, कचरा यांचा ठरावीक नमुन्यातला अहवाल सक्तीचा केलाय. साबण विकणाऱ्या कंपनीला ते लागू आहे आणि लाखो लोकांना पाणी पाजणाऱ्या महापालिकेला नाही, हे मला विचित्र वाटतं. अर्थात नमुना लागू केला म्हणून कोळ्याचं जाळं निघत नाही, तेही खरं.

मला विचाराल तर मी नव्या नगरसेवकांना कृती आराखडा वाचायला सांगणार नाही. यंदा बऱ्याच वर्षांनी 31 जुलैचा अहवाल निवडून आलेल्या माणसांपुढे येतोय. त्यांनी तीनच आकडे मागावेत आणि ते दर महिन्याला स्थायी समितीत यावेत असा ठराव करावा. हजार लिटर पाणी घरात पोचवायला किती युनिट लागले, सोडलेल्या पाण्यातलं किती बिलात आलं, आणि प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडलेलं पाणी बाहेरच्या प्रयोगशाळेने तपासलं तेव्हा कसं निघालं. प्रत्येक आकड्यापुढे खात्याचं नव्हे, अधिकाऱ्याचं नाव. वीजबिलाची प्रत पंपघरात लागावी आणि वाचलेल्या पैशातला काही वाटा त्याच केंद्राच्या देखभालीला मिळावा. यात एकही नवी समिती लागत नाही. अधिकारी म्हणतील, बदल्या होतात, तीन वर्षांत आम्ही कुठल्या आकड्याला जबाबदार? तो प्रश्न बरोबर आहे. म्हणूनच आकडा महिन्याचा हवा. महिन्याभरात बदली सहसा होत नाही.

आकडा मागणाऱ्याने मात्र एक पथ्य पाळायला हवं, आणि ते आमच्या गावात पाळलं गेलं नाही. दोन वर्षं पत्रं लिहिल्यावर जॅकवेलला नवा फ्लोमीटर मंजूर झाला. बसवला त्या दिवशी मामांनी त्याला नारळ फोडला, पाटीला हळद-कुंकू लावलं. पंप सुरू केला, आकडा स्थिर व्हायची वाट बघितली. तासाला चार लाख लिटरच्या जागी दोन लाख नव्वद हजार. मामांनी चष्मा पुसून पुन्हा वाचला. मी महिनाभर खरी नोंद ठेवायला सांगितली आणि मासिक गोषवाऱ्यात दरडोई 135 च्या जागी 97 लिहून पाठवला. पाणी तेवढंच येत होतं जेवढं काल येत होतं, गावात कुणाचा हंडा कमी भरला नव्हता.

चौथ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. गोषवारा त्यांच्या पुढ्यात होता, 97 भोवती लाल गोल.

“एका महिन्यात अडतीस लिटर कुठे गेले?”

मी मीटरचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, ते वाईट गृहस्थ नव्हते. मग म्हणाले, “मीटर चांगला आहे, राहू दे. पण गोषवारा जुन्या पद्धतीने करून आणा. अहवाल छपाईला गेलाय.”